घरच्या घरी मोटरसायकल उचलून चाक कसं काढायचं

मोटरसायकलचं चाक म्हणजे एक अ‍ॅक्सल (चाकाच्या मधून जाणारा दांडा), एक नट, दोन-तीन बुश (अ‍ॅक्सलवर चढवलेल्या अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) आणि ब्रेकची जोडणी. खोलायला कुणालाही जमेल. घरी काम करताना गाडी कलंडते ती जवळजवळ नेहमी उचलण्यात काहीतरी राहून गेल्यामुळे. म्हणून या लेखात पान्यांपेक्षा टेकूबद्दल जास्त लिहिलं आहे. हाताशी जे साधन असेल ते वापरा, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: चाक निघाल्यावर गाडीचं वजन कशाकशावर येणार?

गाडी आत्ता कशी उभी आहे, याला फारसा अर्थ नाही. पंधरा मिनिटांनी तिच्यातला एक मोठा भाग गायब असेल आणि तोल सरकलेला असेल.

वजन कुठे जातं

शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी साधारण 110 ते 125 किलोची असते. साडेतीनशे सीसीच्या गाड्या 180-190 किलोच्या घरात जातात आणि लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्या 200 च्या वर. एवढं वजन एकदा कलायला लागलं की हाताने थोपवता येत नाही. हे आत्ताच मनाशी पक्कं करा: गाडी पडायला लागली तर बाजूला व्हायचं. वाकलेला लिव्हर बदलता येतो, चिरडलेला पाय बदलता येत नाही.

गाडी डबल स्टँडवर असते तेव्हा ती तीन ठिकाणी टेकलेली असते. स्टँडचे दोन पाय आणि एक चाक. बहुतेक गाड्यांत हे तिसरं टोक म्हणजे पुढचं चाक, कारण इंजिन स्टँडच्या पुढे असतं. मागचं चाक बोटभर अधांतरी राहतं. त्यामुळे डबल स्टँडवर मागचं चाक काढणं सोपं पडतं. ते निघालं की मागचं वजन कमी होतं, गाडी पुढच्या चाकावर आणखी भार टाकते आणि जागेवर राहते.

पुढच्या चाकाचं गणित उलटं. ज्या तीन टेकूंवर गाडी उभी आहे त्यातलाच एक तुम्ही काढणार आहात. उरतात स्टँडचे दोन पाय, आणि दोन बिंदूंवर काहीच उभं राहत नाही. गाडी नाकावर येते. म्हणून पुढचं चाक काढायचं तर आधी समोरच्या बाजूला तिसरा टेकू द्यायचा, किंवा मागचं चाक जमिनीला टेकवून ते तिथे पक्कं रोखायचं. यापैकी काहीतरी एक झाल्याशिवाय पुढच्या अ‍ॅक्सलला हात लावू नये.

जागा आणि तयारी

जमीन सपाट आणि टणक हवी. काँक्रीट उत्तम. डांबर उन्हात मऊ पडतं आणि स्टँडचा पाय हळूहळू रुततो. तुम्ही खाली वाकून काम करत असता आणि गाडी नकळत एका बाजूला झुकत जाते. माती किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर खाली जाड प्लायवूडचा एकसंध तुकडा टाका. गुळगुळीत फरशीवर तेलाचा एक थेंबही स्टँड सरकवायला पुरतो, तेव्हा तिथे रबरी मॅट हवीच.

पेट्रोलची टाकी निम्म्याहून कमी असलेली बरी. बारा लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ नऊ किलो, आणि ते गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात डुचमळत असतं. बाजूच्या पेट्या आणि टाकीवरची बॅग काढून ठेवा. इंजिन पूर्ण थंड झालेलं असावं, कारण हात घालायचाय तो नेमका सायलेन्सरच्या आसपास. आसपास ज्योत, शेगडी, सिगारेट काही नको, दार-खिडकी उघडी ठेवा.

दुसरा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याला दुरुस्तीतलं काही कळायची गरज नाही, गाडीचा मागचा दांडा धरून उभं राहता आलं की झालं. लहान मुलं आणि पाळीव प्राणी मात्र त्या वेळात दुसरीकडे.

आणि गाडीचं मॅन्युअल. नट किती आवळायचा, चेन किती सैल ठेवायची, जॅक कुठे लावायचा, हे गाडीगणिक बदलतं. मी इथे देतो ते आकडे अंदाज यावा म्हणून आहेत. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

उचलण्याआधी मोठे नट सैल करा

नवख्या माणसाकडून ही पायरी हमखास सुटते. अ‍ॅक्सलचा नट चांगलाच घट्ट असतो. छोट्या गाडीतही तो 50-60 न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, मोठ्या गाडीचा मागचा नट 100 च्या आसपास. हिशोब करून पाहा: एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकावर वीस किलोचा जोर दिला की साधारण 60 न्यूटन-मीटर होतात. गंजलेला नट त्याच्या दुप्पट जोर मागतो. स्टँडवर चढवलेल्या गाडीला असा हिसका दिला की ती स्टँडवरून उतरलीच समजा.

म्हणून गाडी दोन्ही चाकांवर, साइड स्टँडवर असतानाच नटाची पहिली पकड मोडून घ्यायची. स्प्लिट पिन असेल तर ती आधी काढा. लांब दांड्याचा रिंग पाना किंवा गोटी पाना वापरा, उघड्या तोंडाचा पाना नको. त्याने कोपरे झिजतात. अ‍ॅक्सल नटाबरोबर फिरत असेल तर दुसऱ्या बाजूला दुसरा पाना लावून रोखा. जोर खाली दाबताना लावा, वर ओढताना नको, आणि गाडी साइड स्टँडवरून उठेल अशा दिशेने तर नाहीच. नट अर्धा वेढा हलला की थांबा. पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना) अ‍ॅक्सल आवळून धरणारे छोटे बोल्ट असतील तर ते मुख्य अ‍ॅक्सलच्या आधी सैल करायचे. कॅलिपरच्या (डिस्कला चिमटणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या) आणि टॉर्क रॉडच्या (मागच्या ड्रमला फिरू न देणाऱ्या पट्टीच्या) बोल्टचीही पकड याच वेळी मोडून ते हाताने पुन्हा टेकवून ठेवा.

डबल स्टँडवर घेणं

रोज करतो तेच काम, पण बरेच जण ते कमरेच्या बळावर करतात. खरं तर ते पायाचं काम आहे.

गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा, हँडल सरळ. डावा हात डाव्या मुठीवर, उजवा हात सीटमागच्या दांड्यावर. गाडी सरळ उभी करा आणि उजव्या पायाने स्टँडची जीभ हळूच दाबा. स्टँडचा एक पाय जमिनीला टेकल्याचं जाणवतं, मग गाडी केसभर इकडेतिकडे केली की दुसराही टेकतो. दोन्ही टेकल्याची खात्री झाल्यावरच पुढे. एकच पाय टेकलेला असताना जोर दिला तर गाडी तिरपी होऊन पलीकडे जाते, आणि पलीकडे तिला धरायला कुणी नसतं.

दोन्ही पाय टेकले की त्या जिभेवर चक्क उभे राहा. अंगाचं सगळं वजन उजव्या पायावर. उजवा हात गाडीला वर-मागे फक्त वाट दाखवतो. गाडी स्वतःहून मागे सरकत वर चढते. जमत नसेल तर मागच्या चाकाखाली 15-20 मिलिमीटर जाडीची फळी ठेवून पाहा. स्टँडला तेवढं कमी उचलावं लागतं आणि हलक्या अंगाच्या माणसालाही जड गाडी चढवता येते. चढल्यावर फळी काढून घ्या.

मागचं चाक अधांतरी असलं तरी मडगार्डखालून निघायला उंची कमी पडते, ही नेहमीची तक्रार. गॅरेजमधला माणूस अशा वेळी गाडी स्टँडच्या एका पायावर तिरकी करून चाक झटकन ओढून घेतो. त्याचा हात बसलेला असतो आणि मदतीला पोऱ्या असतो. तुम्ही एकटे असाल तर हे करू नका. त्यापेक्षा गाडी चढवण्याआधीच स्टँडचे पाय जिथे येतील तिथे एक सलग, रुंद, सरकणार नाही अशी फळी टाका. चाकाखालीही तेवढ्याच जाडीची फळी दिलीत तर चढवायला जास्त जोर लागत नाही. दोन पायांखाली दोन वेगळे तुकडे ठेवू नका; एक सरकला की झालं.

गाडी वर गेली की पुढचा ब्रेक दाबलेल्या अवस्थेत बांधून टाका. रुंद रबर बँड, वेल्क्रोची पट्टी, काहीही चालेल. गाडी पुढे ढकलली की डबल स्टँड मिटतो, आणि पुढचं चाक लॉक असलं की गाडी पुढे जाऊच शकत नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्यावर विसंबू नका. चेन उतरवली किंवा मागचं चाक हवेत गेलं की गिअरला काही अर्थ राहत नाही. अर्थात, पुढचं चाक काढायचं असेल तेव्हा हा बंध सोडावा लागतो. तेव्हा मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरा ठोका.

डबल स्टँड नसेल तर: पॅडॉक स्टँड

आजकाल बऱ्याच गाड्यांना डबल स्टँड येतच नाही. त्यांच्यासाठी पॅडॉक स्टँड हा सगळ्यात भरवशाचा उपाय. चाकं लावलेली ही लोखंडी कमान मागून येते आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या, चौकटीला जोडलेल्या दुहाती भागाला) दोन्ही बाजूंनी उचलते. पकडण्याचे दोन प्रकार. एकात स्विंगआर्मला बाहेरून बसवलेल्या दोन गोल बॉबिन असतात आणि स्टँडच्या खाचा त्यात अडकतात. दुसऱ्यात रबर लावलेले एल आकाराचे दोन हात स्विंगआर्मला खालून टेकतात. मला पहिलाच प्रकार पसंत आहे. खाचेत बसलेली बॉबिन घसरत नाही. रबरावर टेकलेला स्विंगआर्म धक्का बसला की सरकू शकतो, आणि तो गोल नळीचा असेल तर तिथे एल हात वापरायलाच नको. बॉबिनचे बोल्ट सहा, आठ किंवा दहा मिलिमीटरच्या आट्यांचे येतात, तुमच्या स्विंगआर्मला कोणते भोक आहे ते पाहूनच घ्या. जोर लावून भलत्या मापाचा बोल्ट आत घातला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच.

वापरण्याआधी स्टँडची रुंदी जुळवून घट्ट करून ठेवा. खाचेच्या आणि स्विंगआर्मच्या मध्ये दोन्हीकडे सारखी, थोडीशीच फट असावी. साइड स्टँडखाली एक जाडसर ठोकळा ठेवलात तर गाडी बरीचशी सरळ उभी राहते आणि एकट्याने काम करणं शक्य होतं. पुढचा ब्रेक बांधा. मग डाव्या बाजूला उभं राहून एका हाताने मागचा दांडा धरून गाडी सरळ करा, दुसऱ्या हाताने स्टँड आत सारा. आधी डावी बॉबिन खाचेत, मग मान वाकवून उजवीकडची पाहा. दोन्ही बसल्या की स्टँडचा दांडा खाली दाबा. पुढे ढकलायचं नाही, खाली दाबायचं. अर्ध्यावर शंका आली तरी तिथे घुटमळू नका. सावकाश परत खाली या आणि पुन्हा सुरुवात करा. साइड स्टँड या सगळ्या वेळात उघडाच राहू द्या.

एकपाती (चाकाला एकाच बाजूने धरणाऱ्या) स्विंगआर्मच्या गाडीला हा स्टँड चालत नाही. तिच्यासाठी अ‍ॅक्सलच्या पोकळ भोकात दांडा घालून उचलणारा वेगळा स्टँड मिळतो, आणि त्या दांड्याची जाडी त्या गाडीचीच असावी लागते.

पुढच्या बाजूचा पॅडॉक स्टँड दोन प्रकारचा. फोर्कच्या तळाला टेकणारा, आणि हँडलच्या खालच्या जोडाच्या मधल्या भोकात खुंटी घालून उचलणारा. नुसतं चाक काढायचं तर दोन्ही चालतात, पण पहिल्यात स्टँडचे हात कॅलिपरच्या आणि मडगार्डच्या आड येतात. फोर्कच काढायचे असतील तर दुसराच हवा, कारण पहिला स्टँड ज्यावर टेकलाय तेच तुम्ही काढणार.

क्रम पाठ करून ठेवा: आधी मागचा स्टँड, मग पुढचा. उतरवताना आधी पुढचा, मग मागचा. पुढचा स्टँड गाडीला वर नेतो, पण बाजूला पडण्यापासून वाचवत नाही. ते काम मागचा करतो. मागचा नसताना पुढचा लावला की साइड स्टँड जमिनीवरून उठतो आणि गाडीला आडवा आधार उरत नाही.

जॅक, ठोकळे आणि वरून दोर

डबल स्टँडवरच्या गाडीचं पुढचं चाक काढताना समोरचा टेकू बहुधा जॅकचाच असतो. तो कुठे लावायचा हे गाडीची चौकट पाहून ठरतं. खाली वाकून पाहा. इंजिनाखालून दोन नळ्या जात असतील तर काम सोपं. त्या दोन्ही नळ्यांना आडवा पुरेल असा लाकडाचा तुकडा जॅकवर ठेवायचा आणि वजन नळ्यांवर घ्यायचं. खाली नळ्या नसतील, इंजिनच चौकटीचा खालचा भाग असेल, तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेशिवाय जॅक लावू नका. ऑइलचा तळ, ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, सायलेन्सरची नळी, रेडिएटर या जागा वजन घेण्यासाठी नाहीत. फुटरेस्टही नाही, तो घडीचा असतो.

जॅक फिरवायला लागल्यावर पहिल्यांदा गोंधळ उडतो तो इथे: गाडी वर जाताना दिसते, पण चाक जमिनीवरच. याचं कारण शॉकअप. गाडीच्या वजनाने दबलेला फोर्क आधी पूर्ण ताणला जातो आणि त्यानंतरच चाक सुटतं. म्हणजे चौकट चांगली काही सेंटिमीटर वर गेल्यावर चाकाखाली कागद सरकतो. घाई करून भरभर फिरवू नका, दर काही वेढ्यांनी गाडीकडे मागून पाहा, ती सरळ आहे ना. चाक मोकळं फिरलं की थांबा आणि मडगार्डखालून काढायला लागेल तेवढंच आणखी वाढवा.

हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी चांगला, धरून ठेवण्यासाठी नाही. त्याच्या सीलमधून तेल झिरपलं की तो तासाभरात हळूच खाली बसतो. म्हणून गाडी हव्या त्या उंचीला आली की चौकटीखाली लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून घ्या आणि जॅक केसभर खाली घेऊन वजन त्यांच्यावर येऊ द्या. स्क्रूचा कैची जॅक असा बसत नाही, तरी त्याचा पाया अरुंद असतो, ठोकळे शेजारी हवेतच. वीट आणि सिमेंटचा ब्लॉक मात्र मुळीच वापरू नका. त्या वस्तू कडकडीत असतात, पण एका बिंदूवर भार आला की पूर्वसूचना न देता फुटतात. लाकूड आधी करकरतं, दबतं, तुम्हाला वेळ देतं.

जॅकला जागाच नसेल तर डबल स्टँडवरच्या गाडीचं वजन मागे न्यायचं. सीटमागच्या दांड्यातून रॅचेटचा पट्टा घालून तो जमिनीतल्या पक्क्या हुकाला ओढला की मागचं चाक टेकतं आणि पुढचं उठतं. पुढचं चाक काढल्यावर गाडी आणखीच मागे झुकते, म्हणजे हा तोल कामाच्या ओघात सुधारत जातो. तरी पट्टा सुटला तर गाडी नाकावर पडू नये म्हणून इंजिनासमोर बोटभर अंतर सोडून ठोकळ्यांचा ढीग रचून ठेवा. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवून काम उरकण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या माणसाला फोन आला की तो उठतो, एवढंच सांगतो.

छताच्या लोखंडी तुळईला पट्टे बांधून पुढचा भाग उचलणं हीसुद्धा उत्तम पद्धत आहे. 120 किलोच्या गाडीचा पुढचा भार साधारण तिच्या निम्म्या वजनाइतका धरा आणि त्याच्या कित्येक पट क्षमता छापलेला पट्टा वापरा. पंख्याचा हुक या कामाचा नाही. पट्टा हँडलच्या टोकांना न बांधता फोर्क धरणाऱ्या खालच्या जोडाभोवती घ्या आणि मध्ये ब्रेकची नळी किंवा केबल चेंगरत नाही ना ते पाहा.

चेनला तेल द्यायला मागचं चाक नुसतं दोन इंच उठलं तरी पुरतं. साइड स्टँड, पुढचं चाक आणि उजव्या बाजूने स्विंगआर्मखाली लावलेली छोटी कुबडी, एवढ्यावर ते काम होतं. पण अशा गाडीचं चाक काढायचं नाही. आणि चेन साफ करताना चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू करून, पहिला गिअर टाकून, फडकं चेनवर धरायची सवय अनेकांची बोटं घेऊन गेली आहे.

हलवून पाहा

गाडी उचलून झाली, पाने मांडले, तरी अजून हात लावू नका. उभं राहून सीटवर तळवा ठेवा आणि गाडी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे हलवून पाहा. धक्का द्यायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. पुढे काम करताना जेवढा जोर लागेल तेवढा आत्ताच लावून बघायचा. कुठे टकटक आवाज आला, स्टँडचा पाय उठला, ठोकळा घासला, तर खाली घ्या आणि परत उचला. गाडी पडायचीच असेल तर ती तुम्ही उभे असताना पडू दे, खाली बसलेले असताना नको.

मागचं चाक

सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बुश कोणत्या बाजूचा, वायसर कोणत्या क्रमाने, कॅमेऱ्याइतकं लक्षात कुणाच्याच राहत नाही. डावा आणि उजवा बुश दिसायला सारखे असले तरी लांबीत बऱ्याचदा फरक असतो.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकच्या सळईवरचा अ‍ॅडजस्टिंग नट पूर्ण काढा, सळई बाहेर घ्या आणि स्प्रिंग, छोटी गोल पिन व नट लगेच त्याच सळईवर परत चढवून ठेवा. नाहीतर ती पिन घरंगळून जाते. मग ड्रमला धरून ठेवणारा टॉर्क रॉड सोडवा. डिस्क असेल तर आधी एबीएसचा सेन्सर काढून बाजूला घ्या, मग कॅलिपर. कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडू नका. तारेच्या आकड्याने चौकटीला टांगा.

आता अ‍ॅक्सल. नट काढलात आणि ओढायला गेलात की तो अडतो, कारण चाकाचं आठ-दहा किलो, कधी पंधरा किलो वजन त्याच्यावर लटकलेलं असतं. इथे हातोडी उचलायचा मोह होतो. त्याऐवजी टायरखाली एक पाचर सारा आणि ती थोडी थोडी आत ढकलत अ‍ॅक्सल फिरवून पाहा. एका ठराविक उंचीला तो अचानक सैल होतो आणि दोन बोटांनी बाहेर येतो. गंजामुळे खरंच अडला असेल तर नट परत टोकापर्यंत लावून, मध्ये लाकूड धरून ठोका. उघड्या आट्यांवर लोखंडी हातोडी मारली तर नट परत चढत नाही.

अ‍ॅक्सल निघताना बुश खाली पडतील, त्यांना हात लावून धरा. पुढे गाड्यांचे दोन प्रकार. काहींत मागचं स्प्रॉकेट स्वतःच्या वेगळ्या मोठ्या नटाने स्विंगआर्मलाच पक्कं असतं. तो नट सोडायचा नाही. चाक आडवं ओढलं की रबरांतून सुटून बाहेर येतं आणि चेन जागच्या जागी राहते. बाकीच्यांत चाक पुढे ढकलून चेन सैल करायची आणि स्प्रॉकेटवरून उतरवायची.

चाक बाहेर आहे तोवर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली किंवा अडखळलं तर बेअरिंग गेलं. स्प्रॉकेटमागची रबरं दबून सैल झाली आहेत का पाहा. ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका, हवेच्या झोताने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या. चाक आडवं ठेवायचं तर डिस्क वरच्या बाजूला राहील असं ठेवा.

पुढचं चाक

यात काम कमी, पण दोन गोष्टींत चूक महागात पडते. पहिली ड्रम ब्रेकची. फोर्कच्या नळीवर एक उंचवटा असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खाच. परत बसवताना तो उंचवटा त्या खाचेत बसलाच पाहिजे. बसला नाही तर पहिल्याच ब्रेकला अख्खं झाकण चाकाबरोबर फिरतं आणि चाक जाम होतं. बसवून झाल्यावर झाकण हाताने फिरवून बघा. हललं नाही तर बरोबर.

दुसरी डिस्कची. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही. दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत शिरत नाही. दोन पॅडच्या मध्ये स्वच्छ लाकडाची पातळ पट्टी घालून ठेवली की चुकून दाबला गेला तरी काही होत नाही. स्पीडोमीटरची केबल चाकाला जोडलेली असेल तर ती आधी सोडवा, आणि बसवताना तिच्या गिअरचे कान चाकातल्या खाचांत बसल्याची खात्री करा.

परत बसवणं आणि खाली उतरवणं

टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेने. अ‍ॅक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर, डिस्कपासून ग्रीसचे हात लांब. चाक पाचरेवर चढवून भोकं एका रेषेत आणा, अ‍ॅक्सल हाताने आत गेला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर काहीतरी वाकडं आहे. थांबा आणि बुश तपासा.

मागच्या चाकाला चेनचा सैलपणा पाहावा लागतो. छोट्या गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध साधारण 20 ते 30 मिलिमीटर. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरा. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) सारख्याच खुणेवर. ड्रम ब्रेक असेल तर कुणाला तरी ब्रेकचा पेडल दाबून धरायला सांगा आणि तसाच अ‍ॅक्सलचा नट आवळा, म्हणजे ब्रेकचे शू ड्रमच्या मधोमध बसतात. टॉर्क रॉड त्यानंतर, नव्या स्प्लिट पिनसकट. जुनी पिन सरळ करून परत वापरायची नाही.

स्टँडवर नट फक्त बेताने आवळा. शेवटची पकड गाडी जमिनीवर आल्यावर, शक्य असेल तर टॉर्क पान्याने. पुढच्या अ‍ॅक्सलचे छोटे बोल्ट तर गाडी खाली आणून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबल्यावरच आवळायचे. त्याने फोर्कच्या दोन्ही नळ्या आपापल्या जागी बसतात.

उतरवताना आधी साइड स्टँड उघडा, मग ठोकळे आणि जॅक काढा. डबल स्टँडवरून गाडी पुढे ढकलताना हात पुढच्या ब्रेकवर, पण बोटं सैल. चाक टेकलं की लगेच दाबा.

सीटवर बसण्याआधी दोन्ही ब्रेक दाबत राहा. डिस्कचे पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या काही दाबांत लिव्हर पोकळ जातो आणि मग एकदम कडक होतो. तो कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. मग चालण्याच्या वेगाने थोडं पुढे, ब्रेक, पुन्हा पुढे, ब्रेक. पाच-दहा किलोमीटर चालवून आल्यावर अ‍ॅक्सलच्या नटाला आणि कॅलिपरच्या बोल्टला पुन्हा एकदा पाना लावून बघा.